ठमाकाकीचा डाव

आमच्या दापोड्यात आता माणसांपेक्षा गोदामं जास्त आहेत आणि गोदामांपेक्षा फ्लेक्स जास्त. त्यातले निम्मे माझ्याच दुकानात छापले जातात, त्यामुळे तक्रार करायचा मला काही अधिकार नाही, पण मी करतो. गावातल्या प्रत्येक माणसाचा हसरा, गोरा केलेला फोटो कधी ना कधी माझ्या मशीनमधून गेला आहे. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाची नवी गाडी. एका गृहस्थाने तर गुडघ्याचं ऑपरेशन यशस्वी झाल्याबद्दल स्वतःचं अभिनंदन छापून घेतलं होतं. या सगळ्या गर्दीत एकच माणूस असं होतं, ज्याला जन्मात फ्लेक्सवर यावंसं वाटलं नाही. ती ठमाबाई बाबू तरे, आमची ठमाकाकी. आणि ती आली तेव्हा थेट मेलेल्यांच्या रांगेत आली. ते पुढं येईलच.

काकीने सत्तरी ओलांडली आहे. लुगडं अजून गुडघ्यावर घट्ट नेसते, तोंड अजून मोकळं सोडते आणि कमरेला एक बारीक पितळी किल्ली लावते. नव्या सुनांना वाटतं ती तिजोरीची असेल. तिजोरी असायला काकीकडे गोदाम नाही. तिच्याकडे दोन खोल्या, एक गोठा, सात-आठ कोंबड्या आणि गोठ्यात एक व्हिडिओ गेमची मशीन. किल्ली त्या मशीनच्या गल्ल्याची.

ती मशीन गोठ्यात कशी आली, हे सांगितल्याशिवाय काकी कळायची नाही.

काकीचा नवरा बाबू भिवंडीत कापडाच्या लूमवर होता. बारा तासांची ड्युटी करायचा आणि उरलेल्या वेळात डोकं चालवायचा, यातलं दुसरं काम घातक. शिफ्ट सुटली की लाल डोळ्यांचे कामगार झोपायला जायचे सोडून नाक्यावरच्या एका दुकानात व्हिडिओ गेमपुढं उभे राहतात, हे त्याने पाहिलं. माणूस एका मशीनपुढून सुटला की आपल्या पायांनी दुसऱ्या मशीनपुढं जाऊन उभा राहतो, वर पैसेही देतो, यात धंदा आहे असं त्याच्या मनाने घेतलं. नाक्यावरचं ते दुकान बंद व्हायला आलं, तेव्हा बाबूने घरची म्हैस विकली आणि ती मशीन टेम्पोत घालून गावात आणली.

म्हशीचं नाव भादी होतं. काकीने तिला रेडकू असल्यापासून वाढवलं होतं. चार दिवस काकी नवऱ्याशी बोलली नाही. गावाने मात्र चार दिवसांत सगळं बोलून घेतलं. “बाबू, धार काढाया कवा येऊ?” असं लोक रस्त्यात थांबवून विचारायचे. पाचव्या दिवशी काकी गोठ्यात गेली, मशीनला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, “आली ती आली. उपाशी नको ठेवू तिला.”

तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा असेन. आमच्याकडे खेळणी म्हणजे काय, तर लूममधून फेकलेला माल. तुटका धोटा मिळाला की झाली मोटार. लाकडाचा, दोन्हीकडे टोकदार, मध्ये खोबण. त्या खोबणीत एखादा मुंगळा बसवला की ड्रायव्हरही आला. सुताच्या रिकाम्या कांड्या जोडून आगगाडी व्हायची. अशा पोरांपुढं अचानक रंगीत दिव्यांची, आवाज करणारी, दांडी हलवली की आतला माणूस पळवणारी मशीन आली. पुस्तकं, शाळा, आईबाप यांच्यावरून आमचं मन त्याच आठवड्यात उडालं. माझ्या बाबतीत ते नंतर परत बसलंच नाही.

खेळ मारामारीचा होता. लाल गंजी घातलेला एक गडी डावीकडून उजवीकडे चालत जायचा आणि समोर येईल त्याला बडवायचा. मशीनवर इंग्रजीत काय लिहिलंय ते कुणालाच वाचता येत नव्हतं, म्हणून आम्ही गुंडांना आपली नावं दिली. पहिला जाड्या. दुसऱ्या टप्प्यावर हातगाडीवाला, तो अंगावर पिंपं ढकलायचा. आणि सगळ्यात शेवटी खुर्चीत बसलेला एक टकलू, त्याचं नाव तलाठी, कारण तो कुणालाच आवरायचा नाही. आमच्या अख्ख्या पिढीत तलाठ्याला एकानेही हरवलं नाही. पुढं जमिनीवर गोदामं उभी राहिली, तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांनी खऱ्या तलाठ्याला जिंकून घेतलं, पण तिथली बटणं वेगळी होती.

गोठ्याच्या दारातून ऊन यायचं आणि काचेवर चमकायचं, म्हणून बाबूने मशीनचं तोंड आत भिंतीकडे केलं होतं आणि पाठ दाराकडे. काकी दारात स्टुलावर बसायची, मशीनच्या पाठीशी. तिची कामं दोन. गल्ला सांभाळायचा आणि गल्लीतून कुणाचा बाप येतोय का ते बघायचं. बाप दिसला की ती मोठ्याने ओरडायची, “भादीऽऽ, हाट्, हाट्!” आम्ही मागच्या खिडकीतून पसार. गोठ्यात म्हैस नाही, मग काकी कुणाला हाकतेय, हा प्रश्न आमच्या बापांना पडायला दोन वर्षं लागली. तो पडला त्या दिवशी आमच्यातल्या हितेशला त्याच्या बापाने गोठ्यापासून घरापर्यंत चपलेने मारत नेला.

आणि एक नियम होता. हरलं की पोरं रागाने मशीनच्या कुशीत लाथ घालायची. काकीला ते अजिबात खपत नसे. “लक्षुमी हाय ती! पाय लावतोस? पाया पड आधी!” मशीनला दोन्ही हातांनी शिवून, ते हात कपाळाला लावल्याशिवाय पुढचा डाव मिळायचा नाही. दसऱ्याला बाबू मशीनला झेंडूचा हार घालायचा आणि नारळ बाहेर गोठ्याच्या दगडावर फोडायचा. त्या दिवशी आम्हाला खोबऱ्याचा तुकडा आणि एक डाव फुकट.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. काकीने तो खेळ कधी पाहिलाच नव्हता.

ती बसायची मशीनमागं. तिला दिसायची बुटक्या मशीनवरून वर आलेली आमची तोंडं. दार सोडून आत यावं तर एखादा बाप यायचा. शेवटचं पोर गेलं की बाबू बटण बंद करायचा, कारण वीज शेजारच्या लूमवरून घेतलेली होती आणि शेजारी कुरकुर करायचा. शिवाय बाबूचं एक शास्त्र होतं. हलवायाने मिठाई खायची नाही आणि गल्ल्यावर बसलेल्याने खेळायचं नाही. एका दसऱ्याला मात्र त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने गल्ल्यातला एक रुपया काढून बायकोच्या हातावर ठेवला. “हा तुजा. कवातरी खेल.” तो जुना मोठा रुपया काकीने पदराला गाठ मारून ठेवला. खेळायला मात्र तिला वेळ झाला नाही. आधी भात, मग कोंबड्या, मग पोरं, मग बाबूचं दुखणं. बाबू गेला त्याच वर्षी मशीनचा पडदा एका पांढऱ्या रेघेवर आला आणि मग ती रेघही विझली. पोरं तोवर मोठी झाली होती आणि घरोघरी मोबाईल आले होते. मशीनच्या खालच्या पोकळीत एका कोंबडीने संसार मांडला.

इथवर झाली काकीची गोष्ट. इथून पुढं हितेशची सुरू होते, म्हणजे हितेशला तसं वाटतं.

हितेशच्या बापाची शेती होती, हितेशची गोदामं आहेत. गळ्यातली साखळी बघून माझ्या दुकानातला पोऱ्या त्याला न विचारता फ्लेक्स मोठ्या साइझचा लावतो. पन्नाशी जवळ आली आणि या माणसाला एकदम बालपण आठवायला लागलं. डॉक्टरने साखर बंद केली त्याच सुमाराला, हे मी मुद्दाम नमूद करतो. त्याने मोबाईलवर ‘गोठा बॉइज’ नावाचा ग्रुप काढला. त्यात आम्ही सगळे. ट्रान्सपोर्टवाला दीपेश रोज सकाळी भोवऱ्याचं चित्र टाकायचा आणि खाली लिहायचा, ‘ते दिवस परत येणार नाहीत’. सगळे रडक्या तोंडाचे ठिपके पाठवायचे. ते दिवस परत आले असते, तर यातल्या निम्म्यांना संध्याकाळच्या आत बापाचा मार पडला असता, हे कुणी लिहायचं नाही. ज्या चपलेने हितेशला मारलं होतं, त्या चपलेचीही त्याला आठवण येत होती.

मग त्याने ठरवलं की पडघ्याजवळ, हायवेला लागून, गोदामाच्या वरच्या मजल्यावर ‘बालपण’ नावाची जागा काढायची. लोक यावेत, तिकीट घ्यावं आणि हळवं व्हावं. काचेच्या कपाटात गोट्या, भोवरे, सिगारेटची रिकामी पाकिटं आणि खाली दिवा लावून ठेवलेला एक तुटका धोटा. कपाटावर पाटी, ‘हात लावू नये’. ती पाटीही मीच छापली. पैसे घेतले आणि गप्प बसलो. आणि मधोमध, लाल गालिच्यावर, मान म्हणून काकीची मशीन.

मशीन मागायला आम्ही तिघं गेलो. हितेश, दीपेश आणि मी. हितेश गोठ्यात शिरला, त्याने डोळे मिटून खोल श्वास घेतला आणि म्हणाला, “विवेक, तोच वास.”

“कोंबडीचा हाय,” काकी मागून म्हणाली. “तुमच्या वेली म्हशीचा व्हता.”

मशीन उचलायला दीपेशने मागचं फळकूट काढलं, तर आत खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली. तिने दीपेशच्या अंगठ्याला टोचलं. काकी म्हणाली, पिल्लं फुटेपर्यंत मशीन हलायची नाही. हायवेवरच्या जागेचं रंगकाम झालं होतं, टेम्पो दारात उभा होता, पण सगळं बालपण एका कोंबडीपायी थांबलं. टेम्पो रिकामा परत गेला.

पिल्लं बाहेर आल्यावर आम्ही पुन्हा गेलो. हितेशने खिशात हात घातला. काकीने त्याचं मनगट धरलं.

“मना पैसं नको. ने मशीन. पन दुरुस्त झाली का पयला डाव माजा.”

“काकी, तू खेळणार?” दीपेशला हसू आलं.

काकी हसली नाही. तिने पदराची गाठ सोडून तो जुना रुपया दाखवला. “हसतंस कनाला? इतकी वरसा तुमची तोंडा बघितली मी. दात खाताव, डोले फाडताव, मदीच हसताव. तुमचे बाप चपला घेऊन यायचे, तरी दुसरे दिशी तुम्ही परत हजर. एवढा मार खाऊन तुम्ही काय बघाया यायचाव, ते मना एकदा बघायचा हाय. बस.”

हितेशने तिच्या पायाला हात लावून शब्द दिला. हितेशचा शब्द खरा असतो, फक्त त्याला तो शब्द दुसरं काही आडवं येईपर्यंतच आठवतो. मला त्याच वेळी काळजी वाटली, खोटं कशाला सांगू?

उल्हासनगरहून मेकॅनिक आला. त्याने पडदा बदलला, वायरी बदलल्या आणि आतली जुनी सर्किटची पाटी पुसूनबिसून तशीच बसवली, कारण खेळ त्या पाटीत होता आणि तसली पाटी आता मिळत नव्हती. नाण्याची फट तशीच राहिली. तिच्यात जुना मोठा रुपयाच जायचा, आजची नाणी गल्ल्यात न जाता खाली घरंगळून यायची. काकीने गल्ल्याची किल्ली दिली नाही. “ती माज्याकडंच ऱ्हाऊदे,” म्हणाली.

उद्घाटन दसऱ्याला ठरलं. आणि आता तो फ्लेक्स.

हितेशने स्वतः बसून मांडणी सांगितली. मध्ये हितेश, मशीनपेक्षा मोठा. एका बाजूला प्रमुख पाहुणे म्हणून येणारे नेते, हात जोडलेले. खाली आम्ही बॉइज, गोट्यांच्या आकाराचे. मी म्हटलं, काकीचा फोटो हवा. हितेश म्हणाला, हो हो, मानाच्या जागी टाक, वर. आता आमच्या धंद्यात वरची रांग कुणाची, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. वरच्या रांगेत देव आणि ‘प्रेरणास्थान’ लिहिलेले दिवंगत. मी हे सांगितलं, तर हितेश म्हणाला, त्याहून मोठा मान कुठला? झालं. त्याचा बाप, त्याचा आजा, बाबू आणि शेजारी ठमाकाकी, मागं पांढरे ढग.

फ्लेक्स लागला त्याच सकाळी दोन बायका पांढरी लुगडी नेसून काकीच्या दारात आल्या. काकी कोंबड्यांना दाणे टाकत होती. पडघ्याहून तिचा भाचा रिक्षा करून आला, रडत उतरला आणि काकीला बघून आणखी जोरात रडला. काकीने सगळ्यांना चहा पाजला. दुपारपर्यंत पातेलं रिकामं झालं, तेव्हा तिने मला बोलावलं.

“विवेक, मना कवा गेलेली लिवलंस?”

मी कान धरले. ती म्हणाली, “ऱ्हाऊदे आता. पन डाव खेलून झाल्यावर गेली असती, तं बरा झाला असता.”

दसऱ्याला सकाळी काकी माझ्या स्कूटरवर मागं बसून आली. नवं हिरवं लुगडं, डोक्यात आबोलीचा वळेसर, पदराच्या गाठीत रुपया, कमरेला किल्ली. बसवलं तिसऱ्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीत. पहिल्या दोन रांगा नेत्यांच्या माणसांसाठी. तिथून तिला मशीन नीट दिसत नव्हती, पण ती चालू असल्याचा आवाज येत होता. तो आवाज ऐकून काकी मान डोलावत होती. “हा सुरवातीचा वाजतो,” ती मला म्हणाली. “अजून कोनी रुपया टाकला न्हाय.”

मी उठून हितेशला गाठलं. “पहिला डाव काकीचा, लक्षात आहे ना?”

“आहे रे,” हितेश घाम पुसत म्हणाला. “फक्त साहेबांना एकदा दांडी धरू दे. फोटोपुरतं. मग काकीच.”

म्हणजे शब्दाला आडवं आलंच.

भाषणं झाली. नेत्यांनी सांगितलं की तेही लहानपणी लहान होते. आजच्या पिढीने मोबाईल सोडून मातीत खेळावं असं ते म्हणाले, तेव्हा पुढच्या दोन रांगा मोबाईलवर त्यांचंच चित्रीकरण करत होत्या. बोलताना त्यांनी रुमालाने डोळे टिपले. हितेशनेही टिपले. मीही टिपले असते, पण मी तिसऱ्या रांगेकडे बघत होतो. काकीने रुपया गाठीतून काढून मुठीत धरला होता.

मग पूजा. मशीनला झेंडूचा हार, पडद्यावर कुंकवाचं स्वस्तिक, दांडीला हळद. भटजींनी नारळ नेत्यांच्या हातात दिला. आमच्याकडे नवा ट्रक आला की नारळ ट्रकवर, नवं लूम आलं की लूमच्या लोखंडावर. गोदामाच्या शटरवरही फोडतात, शटरला पोचा येतो तरी फोडतात. नारळ वस्तूवरच फुटला पाहिजे, नाहीतर ती वस्तू आपली झाली असं माणसाला वाटतच नाही. कुणी काही म्हणायच्या आत नेत्यांनी तो नारळ मशीनच्या पुढच्या पत्र्यावर, बटणांच्या शेजारी आपटला.

“आरं भायेर! दगडावर!” काकी तिसऱ्या रांगेतून ओरडली. नेमका त्याच वेळी बँड सुरू झाला.

नारळ एका घावात फुटला. शुभच म्हणायचं. पाणी भरपूर निघालं. ते बटणांच्या फटींतून आत गेलं, एकदा चर्र आवाज झाला, जळल्याचा वास सुटला, लाल गंजीवाला पडद्यावर थरथरला आणि काळोख झाला. टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, असंच असतं. नेत्यांनी बंद मशीनची दांडी धरली, हसले, फोटो काढले आणि पुढच्या उद्घाटनाला गेले.

मेकॅनिकने मागचं फळकूट काढून आत पाहिलं आणि पाटी बाहेर काढली. ती एका कोपऱ्यात काळी पडली होती. दिवाळीनंतर बघतो म्हणाला, पण तोंड असं केलं की आम्ही काय ते समजलो. लोक श्रीखंड-पुरीच्या पंगतीकडे पांगले. मशीनजवळ आम्ही तिघं उरलो. हितेश गालिच्यावर मांडी घालून बसला आणि खरंच रडायला लागला. या वेळी कॅमेरा नव्हता, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

काकी खुर्च्यांमधून वाट काढत पुढं आली. मशीनकडे बघितलं. हार बाजूला केला, पदराने नारळाचं पाणी पुसलं.

“बिगरली?”

“काकी, पाटी जळली,” मी म्हणालो. 

“बरा,” काकी म्हणाली. आणि तिने मुठीतला रुपया फटीत टाकला. तो आत गल्ल्यात पडल्याचा आवाज आला, स्वच्छ, जसा पूर्वी यायचा. तिने एका हाताने दांडी धरली, दुसऱ्याचं बोट बटणावर ठेवलं आणि काळ्या पडद्याकडे बघत उभी राहिली. “सांगा आता. काय दिसतं?”

 मला वाटलं, हिचा अपमान होतोय, हिला घरी न्यावं. मग हितेशने नाक पुसलं आणि बसल्या बसल्या तोंडाने सुरुवातीचं संगीत वाजवायला लागला. ट्यँ ट्यँ ट्यँ टुटूटू. एक स्वर चुकला नाही. शाळेतली एक कविता आठवत नाही या माणसाला.

“काकी, लाल गंजीवाला तू,” मी म्हणालो. “डावीकडे उभा आहेस. दांडी उजवीकडे दाब. समोरून जाड्या येतोय.”

“मार, काकी, मार!” दीपेश ओरडला. तो जाड्या झाला होता. काकीने बटण दाबलं तसा ट्रान्सपोर्टचा मालक ‘उफ्’ म्हणून गालिच्यावर पडला. पोट आडवं येत होतं, तरी नीट पडला. काकीचे दात आवळले गेले. पिंपं आली तेव्हा हितेश घरंगळायला लागला आणि काकीने उडी मारायचं बटण एवढ्या जोराने दाबलं की टाचा उचलल्या. वाढपी पुरीची परात घेऊन थांबले. आम्ही तिला हातगाडीवाल्याच्या पार नेलं, बाजारातून नेलं, पुलावरून नेलं. शेवटी दीपेश खुर्चीत जाऊन बसला. तलाठी.

“दाब काकी! अजून! अजून एक!”

दीपेश खुर्चीसकट आडवा झाला. हितेश उड्या मारत ओरडला, “मेला! काकी, तलाठी मेला! जिंकलीस!”

काकीने दांडी सोडली. पडद्यावरची नजर काढून आमच्या तिघांच्या तोंडांकडे पाहिलं, एकेकाकडे, सावकाश. पस्तीस वर्षांपूर्वी मशीनवरून बघायची तसंच.

“खोटा,” ती म्हणाली.

“खरंच काकी...”

“तलाठी कोनाला मेलाय आजवर? आनि ही तोंडा मना शिकवू नका. जिंकल्यावरचा तोंड मना ठावं हाय. हितेश, तुजा हा तोंड बापान मारल्यावरचा हाय.” हितेशने तोंड दुसरीकडे वळवलं. “मी तुमच्या दयेवर खेलाया न्हाय आली. मी गिऱ्हाईक हाय. मना हारायला लागला तं हारवा.”

तिने कमरेची किल्ली काढली, वाकून गल्ला उघडला, आतला एकुलता एक रुपया घेतला, गल्ला बंद केला आणि तोच रुपया पुन्हा फटीत टाकला.

या वेळी कुणी दया केली नाही. दीपेश जाड्या होऊन खरोखर अंगावर धावून आला. मी तिच्या चुका सांगितल्या, उशीर झाला की “लागलं तुला” म्हणालो. पहिला टप्पा ती जेमतेम पार झाली. दुसऱ्यावर हितेशने पिंपं ढकलली. काकीने एक चुकवलं, दुसरं चुकवलं, तिसऱ्याला उडी मारायला विसरली.

“मेलीस, काकी,” हितेश म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता.

काकीचं तोंड बघितलं मी. नाकपुड्या फुगल्या, ओठ आवळले, डोळ्यांत पाणी आणि राग एकदमच आला. मी ते तोंड ओळखलं. ते आमचंच होतं. आणि पुढच्याच क्षणी सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईने हिरवं लुगडं सावरलं आणि मशीनच्या कुशीत एक सणसणीत लाथ घातली.

 मग आम्ही तिघं एका आवाजात ओरडलो, “काकी, लक्षुमी हाय ती! पाया पड आधी!”

काकी हसली. वाकली, दोन्ही हातांनी मशीनला शिवली, ते हात कपाळाला लावले आणि मग पुढच्या डावासाठी गल्ल्याची किल्ली काढली.